दोराला ठाऊक होतं

फळ्यावर कागद लागला त्या दिवशी अक्का दोन हंडे घेऊन टाकीकडे निघाली होती. टाकी कंपनीची, फळाही कंपनीचा. डोंगरापलीकडे खाण सुरू झाल्यापासून वस्तीला काही ना काही मिळतच होतं. आधी छत्र्या मिळाल्या, आणि त्या वाटणाऱ्या साहेबांचं नाव छत्रीवाले साहेब पडलं. मग डोळे तपासायचं शिबिर झालं आणि सगळ्यांना चष्मे मिळाले. ज्यांना नीट दिसत होतं त्यांनाही मिळाले, कारण यादीत नाव होतं. अक्काच्या नवऱ्याच्या चष्म्यातून शेळी म्हशीएवढी दिसायची. तो दूध काढताना तेवढा चष्मा लावायचा, मनाला बरं वाटावं म्हणून.

अक्का अक्षराला अक्षर जोडून वाचायची, पण आकडे तिला पक्के येत होते. वीस घरांची यादी होती. माणसं, जनावरं, झाडं, सगळं बरोबर लिहिलेलं, तिची लंगडी शेळीसुद्धा 'लंगडी' म्हणून नोंदलेली. शेवटचा रकाना होता 'कड्यावरील मोहोळं'. त्यात वरपासून खालपर्यंत शून्यं. कोंबडीने एका ओळीत वीस अंडी घालावीत तशी. आणि खाली लिहिलं होतं: सबब कडा विनावापर. हरकत असल्यास आठ दिवसांत, आकड्यासह कळवावी.

त्याखाली माहिती भरणाऱ्याची सही होती. सहीला गोल फिरून वर गेलेलं शेपूट होतं. ते शेपूट अक्काने झोपेतही ओळखलं असतं. तिच्याच घराच्या भिंतीवर कोळशाने गिरवून गिरवून तिच्या धाकट्या भावाने ते बसवलं होतं, आणि भिंत तिने सारवली होती.

ती हंडे रिकामेच घेऊन घरी आली. नवरा उंबऱ्यावर बसून विळ्याला धार लावत होता.

"कडा गेला," ती म्हणाली.

"कुठे गेला? आत्ता तर समोर होता."

"कागदावरून गेला. माझा भाऊ आणि छत्रीवाले साहेब लिहायला आले होते, तेव्हा तुम्ही काय सांगितलंत?"

नवऱ्याने धारेवरून अंगठा फिरवला. "काय सांगायचं असतं? मोहोळं किती म्हणाले. मी म्हटलं, कुठे काय, काहीच नाही."

आता यात त्याचं काही चुकलं नव्हतं. कड्याच्या माणसांची रीतच ती. अंगावरून मध गळत असला तरी मोहोळं किती विचारल्यावर हेच म्हणायचं. आग्या माशी आपला आकडा ऐकते आणि जिथे आपली मोजदाद झाली ती जागा सोडून जाते, असं ही माणसं मानत. माशीला कान असतात की नाही हे बघायला कुणी गेलेलं नाही. पण पलीकडच्या टेकडीवर कंपनीने घरं मोजली होती, आणि दोन वर्षांत तिथे एक घर उरलं नव्हतं. मोजल्यावर माणसं जातात, तर माशीने का राहावं?

तेव्हा वीसही घरांनी एकच उत्तर दिलं होतं, आणि ते शब्दाला शब्द लिहून घेतलं होतं अशा माणसाने, ज्याला त्या उत्तराचा अर्थ वस्तीत सगळ्यांत जास्त ठाऊक होता.

कारण धाकटा हा दोर धरणारा होता. कडा एवढा उंच की वरून हासडलेली शिवी खाली पोचेपर्यंत मवाळ होते. त्याच्या पोटाला आत वळलेली कपार, आणि त्या कपारीत मोहोळं. वरून दिसत नाहीत, खालून दिसत नाहीत. माणूस दोराने उतरतो आणि धुरात लोंबकळत मध कापतो. तर हा दोर कुणी धरायचा याचा नियम होता. दोर बायकोच्या भावाने धरायचा. सख्खा भाऊ असला तर कधीमधी दोर सोडण्याचा मोह होईल, जमीन वाटून घ्यायची असते. मित्राचं लक्ष उडेल. बायकोचा भाऊ मात्र आपल्या बहिणीचं कुंकू हातातून निसटू देत नाही. आणि स्वतः बायकोने का नाही धरायचा? तर तिला नवऱ्याचा राग आलेला नाही असा दिवस नेमका कोणता, हे आधी कळत नाही म्हणून.

बारा वर्षं धाकट्याने दाजींचा दोर धरला होता. गेल्या पावसाळ्यानंतर कंपनीने त्याला नारिंगी जाकीट दिलं, गळ्यात ओळखपत्र दिलं आणि 'समुदाय सहायक' असं नाव दिलं. तेव्हापासून वस्ती त्याला नारिंगी म्हणत होती. आणि यंदा मध पिकून आला तरी दोर खुंटीलाच होता.

अक्काने भाकरी न खाता खाणीचा रस्ता धरला.

खाणीच्या फाटकाशी पत्र्याची खोली होती. आत पंखा, टेबल, पाण्याचा उलटा बाटला आणि धाकटा. बहिणीला बघून तो उठला, मग आपण खुर्चीवरचे आहोत हे आठवून बसला, मग पुन्हा उठला.

"अक्का, बस ना. पाणी घे. गार आहे."

"बसायला आले नाही. शून्य कुणी लिहिलं?"

"सगळ्यांनी सांगितलं तेच लिहिलं. साहेब शेजारी उभे होते. सांगतील तेच लिहायचं, मनचं काही घालायचं नाही, असं आम्हाला तीन दिवस शिकवलंय."

"आणि बारा वर्षं तुला कुणी काय शिकवलं?"

धाकट्याने दोन्ही हात टेबलाखाली घेतले. अक्काने ते पाहिलं. दोर धरणाऱ्याच्या तळव्यांना आडवे घट्टे असतात; आठ महिन्यांच्या पेनाने ते गेले होते, तळवे भाकरीच्या पिठासारखे मऊ झाले होते.

"मी म्हटलं असतं की ते खोटं बोलतायत," तो हळू म्हणाला, "तर साहेब म्हणाले असते, मग खरं काय ते तू सांग. आकडा मी बोलू? माझ्या तोंडून? उद्या माश्या गेल्या तर वस्ती मला उभं करील?"

"म्हणजे वस्तीला घाबरून तू वस्तीचा कडा दिलास."

"मी नाही दिला! मी फक्त लिहिलं."

"नोकरी कायम कधी होणार आहे?"

"पुढच्या महिन्यात," तो म्हणाला, आणि कान लाल करून पंख्याकडे बघत बसला.

तेवढ्यात चारचा भोंगा झाला. रोज चारला सुरुंग उडायचा. भोंगा असा की वस्तीतल्या कोंबड्या दचकून अंडी आत ओढून घ्यायच्या. मग जमीन पायाखालून एकदा खांदा उडवायची, आणि थोड्या वेळाने पांढरी धूळ येऊन पानांवर, भांड्यांवर, शेळ्यांच्या पापण्यांवर बसायची. टेबलावरची पेनं घरंगळली. धाकट्याने सवयीने ती अडवली.

"कडा विनावापर धरला तर कधी फोडणार?"

"हरकत नाही आली तर लगेच. हरकत आली तर साहेब गुरुवारी जागेवर पडताळणीला येतील. पण आकडा लागतो, अक्का. बिनआकड्याची हरकत घेतच नाहीत."

वस्तीत त्या संध्याकाळी सगळे जमले. आकडा द्यायला हवा यावर वीसही घरांचं एकमत झालं. कुणी द्यायचा यावरही एकमत झालं: दुसऱ्याने. एकाने अक्काच्या नवऱ्याकडे बघितलं. "खाली तुम्ही उतरता. तुम्हीच सांगा."

"माझं लक्ष कापण्याकडे असतं," नवरा म्हणाला. "आणि सांगितलं तर पुढच्या वर्षी उतरून कापू काय? दगड?"

"पुढच्या वर्षी कडाच नसला तर उतराल कुठे?" अक्का म्हणाली. "टाकीत?"

लोक हसले आणि उठून घरोघर गेले.

त्या आठवड्यात अक्का बसली नाही. बसली ती फक्त दोर वळायला, आणि ते काही बसणं नव्हे. दरवर्षी नवा दोर लागतो. जुन्यावर माणूस सोडत नाहीत. तिने घायपाताचा वाख भिजवला, ठेचला, उन्हात टाकला. धूळ बसली म्हणून पुन्हा धुतला. सुरुंगाची धूळ वाखात राहिली तर पीळ आतून कापत जातो. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, दोन पदर तुटल्यावर बोटांना कळलं होतं. मांडीवर पीळ देऊन देऊन मांडी सोलवटली. नवरा येऊन दोर ताणून बघायचा, जायचा, परत यायचा. रात्री दोघांनाही झोप नव्हती. खुंटीवरचा विळा त्याने इतक्या वेळा परजला की तो निम्मा उरला असावा.

"धरणार कोण?" तो सोमवारी म्हणाला.

"बघते."

"तुझा दुसरा भाऊ आहे काय कुठे लपवलेला?"

"असता तर तुम्हाला आधीच खाली सोडलं असतं."

बोलता बोलता तिचे हात थांबले. तिने पिळाला एक हिसका दिला. दोराच्या दुसऱ्या टोकाला बांधलेला खुंटा हलला. तिने पुन्हा हिसका दिला, आणि तशीच खुंट्याकडे बघत राहिली.

कड्यावर काम करताना कुणी बोलत नाही. धुराने सुस्तावलेली माशी माणसाच्या आवाजाने खवळते. म्हणून सगळं बोलणं दोरातून. खालच्याने एक हिसका दिला म्हणजे एक मोहोळ झालं, दोर थोडा सोड. लागोपाठ तीन म्हणजे वर ओढ. तोंडाने कुणी मोजत नव्हतं. पण वर्षानुवर्षं कुणीतरी हातांनी मोजत आलं होतंच.

मंगळवारी सकाळी ती छत्रीवाल्या साहेबांसमोर उभी राहिली. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त सगळ्या गोष्टी रकान्यात बसल्या की बरं वाटायचं आणि नाही बसल्या की पोटात दुखायचं.

"हरकत आहे," अक्का म्हणाली.

"आकडा?"

"तो तुम्हीच गुरुवारी मोजा. मी जागा दाखवते."

"बाई, ती कपार कुठूनच दिसत नाही. आम्ही उडता कॅमेरा पाठवला होता, माश्यांनी पाडला. अजून सापडला नाही."

"दिसायची गरज नाही. पण माणूस उतरवायचा तर दोर धरायला माणूस हवा, आणि तो तुमच्याकडे कामाला आहे. त्याला घेऊन या. आणि एक, तेवढा दिवस भोंगा नको. माणूस दोरावर असेल."

साहेबांनी दोन्ही गोष्टी वहीत लिहून घेतल्या, आणि अक्कासमोरच फोन लावून सुरुंग विभागाला सांगितलं. तिकडून कुणीतरी "हो हो" म्हणालं.

गुरुवारी अख्खी वस्ती कड्यावर आली. निम्मी माणसं पायथ्याला, सुतळीने सोडलेल्या टोपल्यांतला मध उतरवून घ्यायला. साहेबांनी नवऱ्यासाठी टोपी, बूट आणि पट्टा आणला होता. नवऱ्याने टोपी डोक्यावर घालून बघितली, काढली आणि तिच्यात ओला पाला भरून धुरासाठी पेटवली. साहेबांनी तोंड उघडलं. अक्काने बोट ओठांवर ठेवलं. तोंड मिटलं.

धाकटा नारिंगी जाकिटात उभा होता. जाकीट मिळाल्यापासून दोर घेऊन दाजी समोर आले होते ते आजच.

"काय पाहुणे," नवरा हळू म्हणाला, "हात धुऊन आलात का?"

"हो, दाजी."

"मग ठीक." एवढं म्हणून त्याने दोर कमरेला बांधला आणि पाठमोरा कड्याच्या काठावरून खाली गेला. धाकट्याने दोराला झाडाच्या बुंध्याशी दोन वेढे दिले होते. टोक त्याच्या हातात. मऊ हात. अक्का त्या हातांकडेच बघत होती.

धूर वर आला. मग गुणगुण, मग ती वाढत वाढत अख्ख्या कड्याचीच झाली, जणू दगडाला ताप भरला होता. आणि दोराला हिसका बसला.

अक्काने साहेबांचं मनगट धरलं आणि त्यांचा पंजा झाड आणि काठ यांच्या मधल्या दोरावर ठेवला. साहेब गोंधळले. पुन्हा हिसका आला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिने खाली कपारीकडे बोट केलं, मग दोराकडे, मग त्यांच्या वहीकडे.

साहेबांच्या चेहऱ्यावर एक रकाना उघडला.

"दोन," ते पुटपुटले.

त्याबरोबर काठावरच्या सगळ्या माणसांनी एकदम दोन्ही कानांत बोटं घातली. म्हाताऱ्यांनी घातली, पोरींनी घातली, कडेवर पोर असलेल्या बायांनी आपला एक कान खांद्यावर दाबला आणि पोराच्या कानावर हात ठेवला. आकडा परका माणूस बोलला, ऐकला कुणीच नाही. आता माशीने राग धरायचा कुणावर? फक्त धाकट्याला कान झाकता येत नव्हते. त्याचे दोन्ही हात दोरावर होते. तो सगळं ऐकत होता.

सकाळची दुपार झाली. साहेब उन्हात दोर धरून उभे, घाम वहीवर पडतोय, पण हात काढायला तयार नाहीत. नऊ. सतरा. सव्वीस. प्रत्येक हिसक्याला ते लहान मुलासारखे चमकत आणि लिहीत. धाकटा दोर सोडत होता, आवरत होता. तळव्यांना फोड आले, फुटले. अक्काला दिसलं की त्याचेही ओठ हलतायत, आणि साहेबांचा आकडा पुढे जातोय तसा त्याचा चेहरा उतरतोय. गेल्या वर्षीचा आकडा त्याच्या हातांत होता, आणि त्याच हातांनी त्याने शून्य लिहिलं होतं. तिने त्याच्याकडे बघून मान हलवली, बोलू नकोस म्हणून.

"सदतीस," साहेब म्हणाले.

आणि भोंगा झाला.

रोजचाच भोंगा, रोजच्याच वेळी. "हो हो" म्हणणाऱ्याने कुणाला काही सांगितलं नव्हतं. कपारीतून माश्यांचा काळा पडदा एकदम सुटून आभाळात गेला. लोक आडवे झाले. साहेब वहीसकट जमिनीवर पडून फोनमध्ये ओरडू लागले, "थांबवा! माणूस आहे! थांबवा म्हणतो!" दोर सापासारखा वळवळला, एक वेढा सटकला आणि धाकट्याच्या तळव्यांतून सरसर धावला.

तो ओरडला नाही. अक्काला वाटलं आपणच ओरडलो, पण तिच्याही तोंडातून आवाज आला नव्हता. धाकट्याने टाच मुळाशी अडवली, दोर काखेत दाबला आणि मागे पडून राहिला. माश्या नारिंगी जाकिटावर येऊन बसल्या. इतक्या, की जाकीट काळं झालं. तो हलला नाही. मानेवर, गालावर, पापणीवर. अक्काने धावत जाऊन ओल्या पाल्याची जळती जुडी त्याच्या तोंडासमोर धरली. तिला दोन चावल्या, चार चावल्या, मग तिने मोजणं सोडलं.

सुरुंग उडाला नाही. सगळं गप्प झालं. दोर ताठ होता, पण मेल्यासारखा.

धाकटा दोराकडे बघत होता. अक्का त्याच्याकडे.

मग एक हिसका आला. सावकाश, नेहमीसारखा. एक मोहोळ झालं.

"अडतीस," जमिनीवरून साहेब म्हणाले.

लगेच तीन आले, लागोपाठ. ओढ.

ओढायला चार माणसं धावली, कानातली बोटं काढून. धाकट्याने कुणाला पुढे येऊ दिलं नाही. फुटक्या हातांनी, हातभर हातभर, त्याने दोर आणला. दोराचा शेवटचा भाग त्याच्या तळव्यांच्या रक्ताने लाल होत वर आला.

नवरा काठाखालच्या खडकावर टेकला आणि दोर सैल झाला; तो वर चढायच्या आतच साहेबांनी वही पुढे केली. हाताने धूळ झटकत ते कामावर परतले होते. "आधीच्या कागदावर शून्य आहे. बदलायचं तर चूक कुणाची, ते लिहून सही लागते." त्यांनी धाकट्याकडे पाहिलं नाही. "म्हणजे... मोजणाऱ्या यंत्राची चूक असंही लिहिता येतं. तुझं पुढच्या महिन्यात आहे ना..."

"यंत्र नव्हतंच, साहेब," धाकटा म्हणाला. त्याची एक पापणी सुजून मिटली होती. "मीच होतो. मला ठाऊक होतं."

त्याने पेन मुठीत धरलं, कारण बोटं वळत नव्हती, आणि लिहिलं. सहीला या वेळी शेपूट आलं नाही.

अक्का त्याच्या जवळ गेली. तिला पुष्कळ बोलायचं होतं. आठ दिवस ती ते मनात घोळवत होती. "जाकीट काढ," ती म्हणाली. "नांग्या मोडून राहिल्यात त्यात."

नवरा काठावर चढून आला. भुवया जळलेल्या, चेहरा भोपळ्यासारखा, केसांत मेण, आणि दोन्ही कोपरांवरून घट्ट मध ठिबकत होता; जिथे उभा राहिला तिथे मुंग्यांनी रांगच धरली. त्याने धाकट्याच्या तळव्यांकडे पाहिलं, मग आपल्या मधाळ हातांनी ते दोन्ही तळवे दाबून धरले. औषधच ते. धाकटा पहिल्यांदा विव्हळला.

साहेबांना राहवेना. नियमाप्रमाणे उतरलेल्या माणसाला विचारायलाच हवं होतं. "तर मग," त्यांनी पेन सरसावलं, "मोहोळं अडतीस. बरोबर?"

वीस घरांची बोटं पुन्हा कानांकडे निघाली.

नवऱ्याने जिभेने ओठावरचा मध पुसला. "कुठे काय, साहेब," तो म्हणाला. "काहीच नाही."

साहेबांचं पेन कागदावर टेकून थांबलं. त्यांनी मुंग्यांकडे पाहिलं. मग आपला पंजा उलटा करून पाहिला; दोराने त्यावर आडवी लाल रेघ उठवली होती.

"लिहितो तसं," ते म्हणाले, आणि त्यांनी अडतीस लिहिलं.

अक्का झाडाच्या मुळाशी बसली. आठ दिवसांत पहिल्यांदा. समोर माश्यांचा पडदा अजून आभाळात फिरत होता, कपारीजवळ यायचा, मागे जायचा, पुन्हा यायचा. ती डोळ्याची पापणी न लववता बघत राहिली. मग तिला काय वाटलं कोण जाणे, ती उठली, कुणी बघत नाही असं पाहून कड्याच्या अगदी काठाशी गेली आणि खाली वाकून, चांगल्या मोठ्या आवाजात, माश्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "काहीच नाही गं बायांनो. कुठे काय."